ज्याला कोणी नाही, त्याचा फोन



पावसाळा तोंडावर आला आहे. पत्रे, गच्ची, गटारे यांची डागडुजी बहुतेक घरांत उरकली असेल. संकटाच्या वेळी फोन कोणाला करायचा, ही तयारी मात्र फार थोड्या घरांत झालेली असते. हा विषय सरकारी सूचनेचा आहे, चर्चच्या पत्रकात त्याचे काय काम, असे कोणाला वाटेल. परंतु शुभवर्तमानाच्या प्रकाशात पाहिले तर तो आपल्या श्रद्धेच्या अगदी जवळचा आहे.

संत योहानाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात बेथेस्दा तळ्याची घटना आहे. यरुशलेममधील या तळ्याला पाच पडव्या होत्या. तेथे आंधळे, लंगडे, लुळे असे कितीतरी रुग्ण पडून असत. पाणी हलले की जो प्रथम आत उतरेल तो बरा होतो, असा त्यांचा विश्वास होता. त्यांच्यात अडतीस वर्षांपासून आजारी असलेला एक मनुष्य होता. बरे व्हायची इच्छा आहे का, असे प्रभू येशूने त्याला विचारले. त्याने साधे 'होय' म्हटले नाही. मला तळ्यात सोडायला कोणी नाही आणि मी जाईपर्यंत दुसराच माझ्यापुढे उतरतो, असे गाऱ्हाणे त्याने मांडले.

या उत्तराकडे आपण नीट लक्ष देऊ या. तळे होते, पाणी होते. मदत चार पावलांवर होती. तिच्यापर्यंत नेणारे माणूस तेवढे नव्हते. ज्याचे हातपाय चालत होते किंवा ज्याचे नातेवाईक सोबत होते, त्याचा नंबर आधी लागत होता.

आपल्याकडे वेगळे काय घडते? इस्पितळात खाट हवी असो, रेशनकार्डाचे काम अडलेले असो की विधवा भगिनीचा पेन्शनचा अर्ज असो, आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिथे आपल्या ओळखीचे कोणी आहे का? ज्याची ओळख आहे त्याचे काम होते. ज्याची नाही तो पडवीत पडून राहतो. योजना असते, रुग्णवाहिका उभी असते. पण अमुक मदत अमुक ठिकाणी मिळते, एवढे सांगणारे कोणी त्याला भेटत नाही. हेल्पलाइनचा फोन अशा माणसासाठी असतो. तेथे तुम्ही कोणाचे कोण, हे विचारत नाहीत. तुम्हाला काय हवे आहे, हे विचारतात. प्रभूनेही त्या रुग्णाला आधी तेच विचारले होते.

अशा सेवेचे एक मूळ चर्चमध्येच आहे. १९५३ साली लंडनमधील सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये चॅड व्हारा या अँग्लिकन धर्मगुरूंनी जगणे नकोसे झालेल्या लोकांसाठी एक फोन सुरू केला. लोक त्यांना भेटायलाही येऊ लागले. त्यांची पाळी येईपर्यंत साधे स्वयंसेवक त्यांना चहा देत आणि त्यांच्याशी बोलत बसत. पुष्कळांचे मन तेवढ्यानेच हलके होते, हे धर्मगुरूंच्या ध्यानात आले. त्यातून 'समॅरिटन्स' ही संस्था उभी राहिली. तिच्या नावात शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी आहे.

आपल्या मुंबईत १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून रस्त्यावरच्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक सुरू झाला आणि पुढे देशभर पोहोचला. २०२३ पासून ही सेवा शासनाच्या यंत्रणेत आली आहे. अमेरिकेत १९९७ साली अटलांटा शहरात २११ हा क्रमांक सुरू झाला आणि २००० साली तो देशभरासाठी राखून ठेवण्यात आला. अन्न, निवारा, औषध, वृद्धांची देखभाल, काहीही हवे असो, हा एकच क्रमांक फिरवायचा; पलीकडचे माणूस योग्य संस्थेचा पत्ता देते. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळ आले तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या केंद्रातील कार्यकर्त्यांनाच शहर सोडावे लागले. तेव्हा तेथील फोन त्याच राज्यातील मनरो शहराच्या केंद्राकडे वळवण्यात आले. एक कान बंद झाला, तर दुसरा कान उघडा राहील, अशी ती व्यवस्था होती.

त्याच्या महिनाभर आधी, २६ जुलै २००५ रोजी, आपण स्वतः काय अनुभवले ते आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल थांबल्या, वीज गेली, मोबाइल मुके झाले. त्या रात्री लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतले, खाऊ घातले. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा, विरार पाण्यात गेले, तेव्हाही शेजारी शेजाऱ्याच्या उपयोगी पडला. म्हणून फोन आणि शेजारी या दोहोंची आपल्याला गरज आहे. फोन चालू असेल तर तो दूरची मदत आणतो. फोन बंद पडला तर उंबरठ्यावर माणूस लागते.

पुढील क्रमांक मोबाइलमध्ये तर ठेवाच, पण कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आल्तारापाशी किंवा दाराजवळ लावा. पोलीस, अग्निशमन व कोणत्याही तातडीसाठी ११२. रुग्णवाहिकेसाठी १०८. पूर व वादळाच्या वेळी जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७. संकटातील मुलांसाठी १०९८. महिलांसाठी १८१. ज्येष्ठांसाठी १४५६७. मन खचले असेल तर १४४१६. आजी-आजोबांना हे क्रमांक नुसते देऊ नका. शेजारी बसून समजावून सांगा. मुलांकडून पाठ करून घ्या. गंमत म्हणून मात्र कोणी ते फिरवू नयेत. आपला खोटा फोन चालू असताना एखाद्या बुडणाऱ्याचा खरा फोन थांबून राहतो. पुराच्या दिवसांत खात्री न केलेले संदेश पुढे पाठवणे हेही तसेच पाप आहे.

याहून अवघड असे एक काम आहे. आपल्या आळीत कोण एकटे राहते, कोणाची मुले परदेशी आहेत, कोणाला उठता-बसता येत नाही, कोणाचे औषध वीज गेली तर खराब होईल, हे आपल्याला ठाऊक आहे का? प्रत्येक आळीतून दोघांनी ही माहिती घ्यावी आणि पाऊस जोरात लागला की त्या दारांवर जाऊन यावे. तरुणांनी पुढे यावे. यादी आपल्या धर्माच्या लोकांपुरती नको. भाड्याच्या खोलीत राहणारा मजूर आणि नाक्यावरचा फेरीवाला हेही आपल्याच पडवीत आहेत, आणि त्यांची येथे ओळख सर्वात कमी आहे.

आणि एक कटू सत्य आपण मान्य करू या. पुष्कळ जण मदत मागत नाहीत, कारण त्यांना आपलीच भीती वाटते. घरातील दारू, कर्ज, मुलीचे मोडलेले लग्न, मुलाचे ढासळलेले मन याविषयी एक शब्द बोलला तर पुढच्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात चर्चा होईल, हे त्यांना माहीत असते. अनोळखी माणसाला फोन करणे त्यांना सोपे वाटते. आपल्याला सांगणे अवघड वाटते. आपल्यातील कुजबुज कित्येकांचे तोंड बंद करते. ज्याने ऐकले त्याने पोटात ठेवले पाहिजे. हे व्रत आपण पाळले नाही, तर आपल्या याद्यांचा आणि क्रमांकांचा फारसा उपयोग होणार नाही.

प्रभू येशूने त्या रुग्णाला तळ्यात सोडले नाही. तो स्वतःच त्याचे माणूस झाला आणि त्याला उठवून चालायला लावले. आज आपल्या गावात 'मला कोणी नाही' असे म्हणणारा प्रत्येक जण त्याच प्रभूची वाट पाहत आहे. प्रभूने त्या माणसाकडे आपल्यालाच पाठवले आहे.

हे प्रभो, येत्या पावसाळ्यात आमच्या सर्व गावांचे, कोळीबांधवांचे आणि शेतकऱ्यांचे रक्षण कर. दूरवर बसून रात्रंदिवस संकटग्रस्तांचे फोन उचलणाऱ्या भगिनी-बंधूंना धीर आणि सहनशीलता दे. आम्हाला ऐकणारे कान, बंद राहणारे तोंड आणि तत्पर पाय दे. आमेन.