गद्दार कोणाला म्हणावे?

गेल्या हिवाळ्यात आंतरशालेय फुटबॉल सामन्यात आमची शाळा एका गोलने हरली. गोल करणारा मुलगा आदल्या वर्षीपर्यंत आमचाच विद्यार्थी होता. वडील पॉवरलूमवर कामाला. दुसऱ्या एका शाळेने फी माफ केली, बूट घेऊन दिले, म्हणून तो तिकडे गेला. चेंडू जाळीत जाताच आमच्या मुलांच्या घोळक्यातून आरोळी उठली, "गद्दार! गद्दार!" हा शब्द आमच्या बऱ्हाणपुरात हिंदी आणि मराठी, दोन्ही कानांना सारखाच झोंबतो. मी हात वर केला असता तर मुले गप्प झाली असती. मी तो केला नाही. खरे सांगायचे तर मला ते थोडे बरेच वाटले.

रात्री मात्र झोप लागेना. मी स्वतः तीन शाळा बदलून इथवर आलो आहे. एकदा बढतीसाठी, दोनदा वेतनश्रेणीसाठी. प्रत्येक वेळी निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ मिळाले, भाषणे झाली. मास्तर गेला तर प्रगती आणि पोरगा गेला तर गद्दारी, हा कुठला न्याय?

कोल्हापूरचा अनिकेत जाधव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषक आपल्या देशात झाला. भारत प्रथमच फिफाच्या विश्वचषक स्पर्धेत उतरला, तेव्हा आघाडीला खेळणारा हा मराठी मुलगा. अमेरिका, कोलंबिया, घाना, तिघांकडूनही आपण हरलो. पण दिल्लीच्या मैदानावर तो धावला हे खरे. त्यानंतर इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद, कोलकात्याचे ईस्ट बंगाल आणि 2023 मध्ये ओडिशा, असा त्याचा प्रवास. सहा वर्षांत पाच जर्सी. 2022 मध्ये हैदराबादने इंडियन सुपर लीग जिंकली, तेव्हा तो त्या संघात होता. त्याच वर्षी तो ईस्ट बंगालकडे गेला. आघाडीच्या खेळाडूचे हे नशीबच असते. गोल झाले तर दुसरा संघ बोलावतो, आटले तर आपलाच संघ बाकावर बसवतो. दोन्हीकडून बिछाना गुंडाळायचा तो त्यानेच.

आणि हा मुलगा आला कुठून? ज्या गावात फुटबॉल म्हणजे पेठेची अब्रू, त्या गावातून. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, ही तालमींची नावे तिथे आडनावासारखी मिरवली जातात. शाहू स्टेडियमवर सामना असला की घराघरांत पक्ष पडतात. एकाच तालमीसाठी उमेद खर्च करणारे खेळाडू तिथे झाले, आणि त्यांच्या वाट्याला जे प्रेम आले ते करारपत्रावर मिळत नाही. हे मी हलके मानत नाही. आपल्या मनात कर्ण घर करून बसला आहे तो याच कारणाने. ज्याचे मीठ खाल्ले त्याची बाजू चुकीची आहे हे कळूनही त्याने ती सोडली नाही.

पण कर्णाचा दाखला बहुधा कोण देतो? ज्याच्या हातात मिठाची बरणी असते तो! बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमान या खेळाडूचा करार 1990 मध्ये संपला. त्याला फ्रान्समधल्या संघात जायचे होते. पण करार संपल्यावरही त्याच्या क्लबने मोबदल्यासाठी त्याची वाट अडवली. तो न्यायालयात गेला. डिसेंबर 1995 मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघाच्या एका देशातून दुसऱ्या देशात जाताना असा मोबदला मागता येणार नाही. तोवर बोसमानची उमेदीची वर्षे निघून गेली होती.

हे वाचताना मला माझे टेबल आठवले. त्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला मी अकरा दिवस सही न करता ठेवला होता. कारण विचारायला त्याचे वडील दोनदा पाळी बुडवून आले. मी प्रत्येक वेळी "उद्या या" म्हणालो. मीठ आम्ही फार दिले नव्हते. पण निष्ठा मात्र पुरती हवी होती.

मग निष्ठा म्हणजे काय? माझ्या अल्पमतीला असे वाटते, की आज जी जर्सी अंगावर आहे तिच्यासाठी जीव तोडून खेळायचे आणि कालच्या जर्सीचे उपकार विसरायचे नाहीत. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. डेनिस लॉ अकरा वर्षे मँचेस्टर युनायटेडसाठी खेळला. 1974 च्या एप्रिलमध्ये मँचेस्टर सिटीच्या जर्सीत त्याने त्याच युनायटेडवर टाचेने गोल मारला. युनायटेड त्या दिवशी खालच्या श्रेणीत गेले. अन्य निकाल पाहता ते तसेही जाणारच होते. लॉने आनंद केला नाही, मान खाली घालून चालू लागला. त्याने गोल मारला ही नव्या संघाशी निष्ठा, आणि मान खाली घातली ही जुन्याची आठवण.

आपल्यासारख्या सीमेवरच्या घरांना हे नवे नाही. आपली मुले इंदूरला जातात, पुण्याला जातात. कोणाच्या घरी हिंदी बोलणारी सून येते. जाणाऱ्याला आपण कोणत्या शब्दांत निरोप देतो, त्यावर तो परत वळून पाहील की नाही हे ठरते.

परवा शनवाऱ्यावर तो मुलगा भेटला. सायकलवरून उतरला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, नाराज हो क्या?" मी नुसती मान हलवली. खरे तर क्षमा मला मागायची होती. ती इथे मागतो आहे. पण तो मराठी वाचत नाही. म्हणून येत्या हिवाळ्यात सामन्याच्या आधी, आमच्या मुलांसमोर, त्याला समजेल अशा भाषेत पुन्हा मागेन.