दारावरची पाटी

शेजारावर आम्ही मुसलमान लेखकांनी पुष्कळ लिहिले आहे. शीरखुर्म्याची वाटी तिकडे गेली, दिवाळीच्या फराळाचे ताट इकडे आले, हे वाचून तुम्हीही कंटाळला असाल. ते खोटे नव्हते. पण शेजाराची परीक्षा ताटावर होत नाही.

आम्ही वाढलो मुंबईच्या पूर्व उपनगरात, हौसिंग बोर्डाच्या वसाहतीत. महायुद्ध संपले, फाळणी झाली, शहरात माणूस मावेना. तेव्हा १९४८ च्या कायद्याने बोर्ड आले आणि १९५२ पासून केंद्राच्या औद्योगिक कामगार गृहयोजनेतून अशा इमारती उठल्या. (१९७७ साली बोर्डाचे म्हाडा झाले, तरी आमच्या तोंडी 'बोर्ड'च राहिले.) एक खोली, एक स्वयंपाकघर, बाहेर सामाईक गॅलरी. अब्बा गिरणीत साच्यावर होते. गिरणीच्या खात्यांनाही जात-धर्म असे. साचेखात्यात मुसलमान विणकर पुष्कळ. दलितांना तिथे मज्जाव, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. बोर्डाच्या यादीने मात्र हे सारे लोक भिंतीला भिंत लावून बसवले. शेजार आम्ही निवडला नव्हता, नंबर लागला म्हणून मिळाला होता.

मग जानेवारी १९९३. एका सकाळी पाहतो तो दारावरची अब्बांच्या नावाची पाटी नाही. चार भोके तेवढी उरलेली. शेजारच्या काकांनी रात्री ती काढून आपल्या तांदळाच्या डब्यामागे लपवली होती. पंधरा दिवसांनी स्क्रू कागदाच्या पुडीत बांधून त्यांनी ती परत आणून दिली. अब्बा म्हणाले, "भाऊ, जान वाचवलीत." अम्मी चहा ठेवायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. रात्री एवढेच म्हणाली, "आपल्याला विचारायचं तरी."

पाटी पुन्हा लागली नाही.

एखाद्याचा जीव वाचवताना त्याला न विचारता त्याचे नाव पुसता येते काय? शेजाऱ्याचे हक्क आम्ही मक्तबमध्ये पाठ केले होते. नाव हा त्यांतला एक हक्क आहे का, हे मौलवीसाहेबांनी सांगितले नव्हते. कित्येक वर्षे आम्ही अम्मीच्या बाजूचे होतो. पाटी काढणे म्हणजे आमचे नाव हाच गुन्हा, हे मान्य करणे, असे आम्ही तावातावाने बोलत असू. जमाव आला असता तर काकांनी जिन्यात उभे राहायला हवे होते, असे कोणी उघड म्हटले नाही, पण मनात तेच होते. त्यांची दोन मुले त्याच भिंतीपलीकडे झोपत होती. पाटी काढताना कोणी पाहिले असते तर? आमच्या जखमेत त्यांची भीती मावली नाही.

आणि विचारले असते तर? अब्बा मानी. "राहू द्या," म्हणाले असते. मग काकांना निवांत झोपायला मोकळीक होती; विचारल्याचे पुण्य पदरात, जबाबदारी आमच्या दारात. न विचारून त्यांनी ती स्वतःच्या घरात नेली, तांदळाच्या डब्यामागे. हे आम्हांला पन्नाशी ओलांडल्यावर सुचले.

१९९४ साली खोली विकून आम्ही मुंब्र्याला आलो. त्या काळात कितीतरी घरे अशीच इकडे सरकली. इथे निर्धास्त झोप लागली, खोटे कशाला बोला. पण आमच्या मुलांना यादीने दिलेला शेजार ठाऊक नाही, आणि काका गेल्याचे आम्हांला तीन महिन्यांनी कळले.

पाटी कपाटात आहे, स्क्रूच्या पुडीसकट. गेल्या रमजानच्या साफसफाईत अम्मीने ती पुसली आणि सहज विचारले, "तेव्हा त्यांनी तुम्हां पोरांना विचारलं असतं, तर काय म्हणाला असतात रे?"

आम्हां भावंडांपैकी कोणीच बोलले नाही.