उत्तरपत्रिकेवरची साक्ष

विद्यापीठाच्या परीक्षा जवळ आल्या की रविवारच्या मिस्सानंतर मुले पेन आणि हॉल तिकीट घेऊन फादरांकडे आशीर्वादासाठी येतात. चांगली गोष्ट आहे. मात्र त्याच मुलांना चर्चबाहेर गप्पा मारताना परीक्षा कशा होतात असे विचारले, तर जे ऐकायला मिळते त्याविषयी आज थोडे बोलायचे आहे. मायक्रो झेरॉक्स केलेल्या चिठ्ठ्या, पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहून घेतलेली जर्नल्स, तयार मिळणारे प्रोजेक्ट, मित्राने लावलेली हजेरी, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून पाच मिनिटांत तयार होणारी असाइनमेंट. मुले हे लपवत नाहीत. ‘सगळेच करतात’ असे म्हणून सांगतात आणि वर विचारतात, ‘यात कोणाचे काय जाते?’

प्रश्न उद्धट वाटला तरी खरा आहे. ‘पाप आहे, करू नकोस’ एवढ्याने कॉलेजात शिकणाऱ्या मुलाचे समाधान होत नाही, आणि होऊही नये.

कॉपी ही चोरी आहे असे आपण सहज म्हणतो. पण चोरीत ज्याची वस्तू जाते त्याच्याकडे ती उरत नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलाचे उत्तर पाहून लिहिले तरी त्याचे उत्तर त्याच्या पेपरात शाबूत असते. कधी कधी तर तो स्वतःच पेपर सरकवून दाखवतो. म्हणून सातव्या आज्ञेचा धाक दाखवला की मुले वाद घालतात, आणि त्या वादात ती अगदीच चूक नसतात. आम्हाला वाटते, ही बाब आठव्या आज्ञेची आहे. उत्तरपत्रिका म्हणजे एक साक्ष असते. आपला बैठक क्रमांक घालून विद्यार्थी जणू लिहून देतो की, हे मला येते. तपासणारे शिक्षक त्यावर विश्वास ठेवून गुण देतात, विद्यापीठ गुणपत्रिका देते आणि पुढे ती साक्ष मुलाच्या हयातीभर चालते. हॉस्पिटलात रक्त तपासणारा, पुलाचा हिशेब करणारा, आपल्या सोसायटीचे ऑडिट करणारा, हे सगळे त्या कागदावर उभे असतात.

आता यावर मुलांचे ठरलेले उत्तर असते. ‘रक्त तपासायचे ठीक आहे, पण फाउंडेशन कोर्सचे काय?’ ज्यांनी बी. ए., बी. कॉम. केले त्यांना हा सक्तीचा विषय आठवत असेल. त्यातले दोन धडे चिठ्ठीवरून लिहिले तर ना कोणी रुग्ण मरणार, ना पूल पडणार. हे म्हणणे आम्ही सहजासहजी उडवून लावणार नाही. काही विषय खरोखरच रटाळ असतात, काही शिक्षक नोट्स वाचून दाखवण्यापलीकडे काही करत नाहीत, आणि ज्या परीक्षेत पाठांतरच मोजले जाते तिच्याविषयी मुलांना आदर का वाटावा? अभ्यासक्रम वाईट असेल तर त्याविरुद्ध बोलावे, मोर्चा काढावा, पस्तीस-चाळीस गुण घेऊन उजळ माथ्याने बाहेर पडावे. पण चिठ्ठीवरून साठ मिळवले तर त्या साठाने काय सिद्ध होते?

खोटी नोट बाजारात चालते ती बाकीच्या नोटा खऱ्या असतात म्हणून. कॉपी करणाऱ्यालाही इतरांचा प्रामाणिकपणा हवाच असतो. ‘सगळेच करतात’ हे खरोखर खरे ठरले, तर गुणपत्रिकेला किंमतच राहणार नाही आणि कॉपीचाही उपयोग संपेल. आज अनेक कंपन्या पदवीवर न थांबता स्वतःची वेगळी चाचणी घेतात, ते काही उगाच नाही. अशा वेळी सर्वांत जास्त नुकसान कोणाचे होते? आपल्या घरातल्या मुलाचा काका कुठल्यातरी कार्यालयात असतो, तो शब्द टाकतो. वाड्याहून किंवा विक्रमगडहून आलेल्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलीकडे मात्र त्या गुणपत्रिकेशिवाय दाखवायला काहीच नसते. कागदाची किंमत उतरली की तिची उतरते. ‘कोणाचे काय जाते’ याचे एक उत्तर ती मुलगी आहे.

मित्राला पेपर दाखवणाऱ्याची बाजू जरा वेगळी. त्याला स्वतःसाठी काही नको असते, आणि नाही म्हटले तर मैत्री तुटते. संत ऑगस्टीन यांनी खोटे बोलण्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि भल्यासाठीही खोटे चालणार नाही असे ठामपणे मांडले. संत थॉमस अक्वायनस यांनी असत्याचे तीन प्रकार केले: गमतीचे, मदतीचे आणि अपायाचे. मदतीच्या असत्याचा दोष त्यांनी हलका मानला, पण दोष मानलाच. आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. केटी लागू नये म्हणून मित्राला परीक्षेच्या तीन तासांत दाखवण्यापेक्षा आधीच्या तीन आठवड्यांत शिकवणे हे मैत्रीला जास्त शोभते, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

कायदे काही कमी नाहीत. महाराष्ट्रात परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध १९८२ चा कायदा आहे. २०२४ मध्ये पेपरफुटीवरून देशभर गदारोळ झाला, यूजीसी-नेटची परीक्षा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी रद्द करावी लागली, आणि केंद्रीय पातळीवरच्या परीक्षांसाठी नवा कायदा लागू झाला. संघटित टोळ्यांना त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटी रुपये दंड आहे. पण स्वतः परीक्षार्थीला तो शिक्षा करत नाही. त्याचे प्रकरण परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या नियमांवर सोडले आहे. पीएच. डी.च्या प्रबंधांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये नियम केले. १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही, ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द. मग काय, शब्द इकडचे तिकडे करून साम्य ९ टक्क्यांवर आणायची कला निघाली!

धर्मशिक्षणाने तरी फरक पडतो काय? २००८ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना आधी दहा आज्ञा आठवायला सांगितल्या तर ते कमी फसवतात, असा त्याचा निष्कर्ष होता. कित्येकांना तो फार आवडला. २०१८ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. प्रामाणिकपणावरचाच २०१२ चा आणखी एक गाजलेला शोधनिबंध त्यातली आकडेवारी बनावट निघाल्याने २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. आज्ञा पाठ असणे आणि अंगात मुरणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर बहुतेक घरातच कापले जाते.

म्हणून थोडे आई-वडिलांशीही. ऑक्टोबर २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा घरून ऑनलाइन झाल्या. पर्यायांतून उत्तर निवडायचे होते. काही घरांत मुलगा संगणकासमोर, ताई पुस्तक उघडून शेजारी आणि मित्रांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालू, असे चित्र होते असे आम्ही ऐकले. आईने दार लावून घेतले ते आवाज होऊ नये म्हणून. त्या खोलीत पर्यवेक्षक म्हणून आपणच होतो ना?

आणि ज्यांचे हे सगळे करून झाले आहे, नोकरीही लागली आहे, त्यांनी काय करावे? गुण परत करता येत नाहीत. आमच्या मते नोकरी सोडायची गरज नाही, पण जे येते म्हणून लिहून दिले ते आता खरोखर शिकून घेण्याचे देणे त्यांच्यावर आहे. ते जमेपर्यंत, न येणारे काम ‘येते’ म्हणून अंगावर घेऊ नये, विशेषतः ज्यात दुसऱ्याच्या जिवाचा वा पैशाचा प्रश्न आहे.

आपल्या धर्मग्रामात अकाउंट्स, गणित, इंग्रजी शिकवलेले निवृत्त शिक्षक बरेच आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ देण्याची ज्यांची तयारी असेल त्यांनी चर्चच्या कार्यालयात नाव द्यावे. केटी लागलेल्या मुलांनीही द्यावे. ती नावे पुकारली जाणार नाहीत.