किरकोळ दुखणी आणि आपला खरेपणा



"कशा आहात?" असं कुणी विचारलं की आमचं उत्तर ठरलेलं असतं, "गुरुकृपेनं छान!" उत्तर खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. इंदूरच्या आमच्या गुरुवारच्या सेवेत आम्ही सहाजणी, सगळ्या पन्नाशी ओलांडलेल्या. एकदा प्रसादाच्या पोळ्या लाटता लाटता गंमत म्हणून मोजदाद केली. थायरॉईड चौघींना, बीपी तिघींना, गुडघे पाचजणींचे, अ‍ॅसिडिटी तर सगळ्यांनाच. शिवाय कुणाची मान, कुणाच्या पायावर फुगलेल्या शिरा, कुणाला रात्री तीननंतर झोप नाही. यातलं एकही दुखणं असं नाही की ज्यासाठी कुणी शहाळं घेऊन भेटायला यावं. म्हणून त्यांना आपण 'किरकोळ' म्हणतो. पण ही किरकोळ मंडळी एकेकटी येत नाहीत, आणि आली की जातही नाहीत.

त्यांचं आपापसात पटत नाही, ही आणखी एक अडचण. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. हाडांसाठी कॅल्शियम दिलेलं असेल, तर ते तिच्यापासून चार तास लांब. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतली तर गुडघा शांत होतो, पण पोटात आग पडते आणि बीपी वर चढतं. पोटाची आग शमवायला पाण्यात खायचा सोडा टाकून प्यायलो, तर त्यात सोडियम, म्हणजे पुन्हा बीपीच. आणि "आमचं तर घरगुती आहे, त्यानं काय होतंय" म्हणून जे ज्येष्ठमध आम्ही पित्तावर आणि घशासाठी वर्षानुवर्षं चघळत आलो, तेही रोज जास्त खाल्लं तर बीपी वाढवतं, हे आम्हाला अगदी अलीकडे कळलं. उपवासाच्या सैंधवाचंही तेच. देवाला चालतं म्हणून रक्तदाबाला चालतं असं नाही, तेही मीठच. (इंदुरात राहून शेव सोडायची म्हणजे काय तप आहे, ते बाहेरगावच्या मंडळींना कळायचं नाही!)

पण आज लिहायला बसलो ते पथ्याबद्दल नाही. आमच्याकडून एक चूक झाली, तिच्याबद्दल.

आमच्यातल्या एक वहिनी गेली अनेक वर्षं सप्ताहाच्या पारायणाला बसतात. सकाळी तीन तास, मांडी घालून, पाठ ताठ. आम्ही सगळ्यांना सांगायचो, "बघा, या वयात! हीच साधना." ग्रुपवर त्यांचा फोटो टाकायचो, खाली हात जोडलेल्या खुणांची रांग लागायची. या वर्षी सप्ताहाच्या सहाव्या दिवशी त्यांचे पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं. डॉक्टरांकडे नेलं तर बीपी खूपच वाढलेलं. खोदून खोदून विचारल्यावर त्यांनी सांगितलं की मांडी घालता यावी म्हणून त्या रोज सकाळ-संध्याकाळ दुखण्याची गोळी घेत होत्या, कुणालाही न विचारता. बीपीची गोळी चालू होतीच, पण ही दुसरी तिचं काम बिघडवते हे त्यांना ठाऊक नव्हतं. हाडांच्या डॉक्टरांना बीपीचं सांगितलं नव्हतं, बीपीच्या डॉक्टरांना गुडघ्याचं. का, तर "एवढ्याशा गोष्टीसाठी काय सांगायचं?"

देवाची कृपा, थोडक्यात निभावलं. पण मग प्रश्न आमच्यासमोर उभा राहिला. दुखणं लपवून बसणं ही सहनशीलता होती की आणखी काही? आणि त्यात आमचा वाटा किती?

आपल्याकडे लहानपणापासून शिकवण अशी की देह म्हणजे भाड्याचं घर, त्याचे चोचले पुरवू नयेत. बाईमाणसाला तर ही शिकवण दुप्पट मिळते. घरात सासऱ्यांची गोळी कितीची, यजमानांची कितीची, सगळं तोंडपाठ. आपली मात्र ओट्यावर डब्यामागे राहून जाते आणि दुपारी आठवते. ती विसरली म्हणून आम्हाला मनातून थोडा अभिमानही वाटतो, हे कबूल करायला हवं. जणू विसरणं म्हणजेच विरक्ती.

पण गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंत जे सांगतात, ते त्या दिवसानंतर आम्ही पुन्हा काढून वाचलं. शास्त्राला सोडून, दंभ आणि अहंकार मनात धरून जे घोर तप करतात, ते शरीराला तर कष्टवतातच, आणि आत बसलेल्या त्यालाही कष्टवतात, अशा अर्थाचं ते आहे. वाचताना आतापर्यंत आम्हाला वाटायचं, हे जंगलात उलटं लटकणाऱ्यांबद्दल असावं. सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या आपल्याबद्दलही असेल, असं कधी डोक्यात आलं नव्हतं. दंभ हा शब्द वहिनींना लावायचा नाही; त्यांची श्रद्धा आम्ही जवळून पाहिली आहे. तो लावायचाच तर आम्हाला, कारण कौतुक आम्ही करत होतो. त्या कौतुकातून उठून खुर्ची मागणं त्यांना जड गेलं. आपण एखाद्याच्या सोसण्याला टाळ्या देतो, तेव्हा त्याची खरं बोलायची वाट आपणच बंद करतो.

आता कुणी म्हणेल, मग काय दिवसभर दुखण्यांच्याच गप्पा मारायच्या का? तसंही नाही, आणि तो त्रासही आम्ही जाणतो. आमच्याच घरांमध्ये असे जीव आहेत की फोन उचलला की आधी गॅस, मग कंबर, मग गोळ्यांचे रंग. त्यांना ऐकणारा थकतो, आणि सांगणाऱ्याचं मनही सतत शरीरात चाचपडत राहतं. पण नीट पाहिलं तर गप्प राहणारा आणि सतत कुरकुरणारा, दोघंही एकाच ठिकाणी चुकतात असं आम्हाला वाटतं. जिथे सांगायला हवं तिथे दोघंही सांगत नाहीत. शेजारणीला सगळं माहीत, डॉक्टरांना काही नाही! मैत्रिणीनं सुचवलेलं चूर्ण चालू आहे, ते कागदावर कुठेच नाही.

म्हणून आम्ही सहाजणींनी एक साधं केलं. प्रत्येकीनं एका कागदावर सगळं लिहिलं. गोळ्या, त्यांच्या वेळा, काढे, चूर्णं, अधूनमधून घेतो ते सोड्याचं पाणीसुद्धा. लिहायला एक दुपार गेली, आणि एकीचा कागद दोन्ही बाजूंनी भरला तेव्हा ती स्वतःच गप्प झाली. तोच कागद प्रत्येक डॉक्टरांना दाखवायचा. एकीची पित्ताची गोळी कितीतरी वर्षं नुसती सवयीनं चालू होती. ती फार काळ घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं, म्हणून डॉक्टरांनी तपासणी सांगितली. मनानं काही बंद करायचं नाही, हेही त्यांनी बजावलं. बाकी दुखणी आहेत तिथेच आहेत. ती जाणार नाहीत हे कळल्यावर उलट त्यांच्यावर चिडणं थोडं कमी झालंय. सकाळी गोळी घेतल्यावर चहापर्यंत जो वेळ मोकळा राहतो, त्यात आमची एकजण माळ ओढते. तिचं म्हणणं, इतकी वर्षं सकाळी वेळ मिळत नाही अशी तक्रार होती, थायरॉईडनं मिळवून दिला.

गेल्या गुरुवारी सतरंजीच्या मागे आम्ही चार खुर्च्या मांडल्या. आरतीला दहा मिनिटं राहिली तरी चारही रिकाम्याच. वहिनी खांबाला टेकून उभ्या होत्या, बसायला तयार नाहीत. मग आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या काकू उठल्या, सरळ जाऊन पहिल्या खुर्चीत बसल्या, आणि शेजारच्या खुर्चीवर हात थोपटून वहिनींना म्हणाल्या, "ये गं, पाय दुखतात माझे, सोबत कर."

पाचजणींचे गुडघे दुखतात असं वर लिहिलंय, त्यातली न दुखणारी सहावी म्हणजे या काकू. वहिनी बसल्या. परत येताना रिक्षात आमचा चांगलाच वाद झाला की खरेपणाबद्दल एवढं बोलून झाल्यावर काकू हे जे बोलल्या, ते कोणत्या खात्यात धरायचं.