नकटीची म्हण



कार्तिकी एकादशी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. लासलगावी आमच्या घरी ओळखीतली एक मुलगी आली. वय पंचविशीच्या आतबाहेर, नाशिकला नोकरी, गळ्यात तुळशीची माळ. वडील कांद्याच्या लिलावातले. पाया पडली, बसली आणि म्हणाली, “बाबा, मी नाकाचं ऑपरेशन करून घ्यायचं म्हणतेय. घरी म्हणतात, देवानं दिलेलं नाक बदलणं पाप आहे. बाबा सांगतील ते ऐकीन, असं आईला कबूल करून आलेय.”

मी विचारले, श्वासाला त्रास होतो का? नाही. कधी पडली होतीस? नाही. नाक जन्मापासून बसके, एवढेच.

कीर्तनकाराला प्रश्न विचारायचा अवकाश, उत्तर तयारच असते. मी नश्वर देहावर सुरुवात केली. पाच-सात मिनिटे तिने ऐकून घेतले. मग खाली बघत म्हणाली, “बाबा, मी सातवीत होते. सप्ताहात तुमचं कीर्तन होतं. तुम्ही शूर्पणखेचा प्रसंग घेतला होता. मध्येच नाक दाबून ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं’ बोलून दाखवलंत. सगळा मंडप हसला. माझ्या वर्गातल्या मुलींनी वळून माझ्याकडं पाहिलं. दहावीपर्यंत मला शाळेत नकटीच म्हणत होते.”

मला ते कीर्तन आठवत नाही. आठवावे तरी कसे? ती म्हण मी गावोगाव सांगितली, आणि प्रत्येक गावात मंडप हसला. आपला जिल्हा तर नाकाचाच. लक्ष्मणाने पंचवटीत शूर्पणखेचे नाक कापले म्हणून गावाला नाशिक नाव पडले, ही कथा इथल्या लेकरालाही ठाऊक. त्यामुळे हशा हमखास. त्या हशात कोणी खाली मान घालून बसले असेल, हे चाळीस वर्षांत एकदाही मनात आले नाही.

“उद्या ये,” एवढेच मी तिला म्हणालो.

रात्री झोप लागली नाही. तिच्या आईवडिलांची बाजू आधी धरून पाहिली. देवाने दिलेले बदलू नये. पण आपण मुलीचे कान टोचतो, नाक टोचतो, नथ घालतो. देवाने दिलेल्या नाकाला भोक पाडताना पंचांग बघतात, पाप कोणी बघत नाही. मोतीबिंदू मी स्वतः काढला आहे. आणि पंढरीत पाऊल झिजते म्हणून सावळ्या मूर्तीला वज्रलेप करावा लागतो, तो आपण करतोच. कोणी म्हणेल, तो जपण्यासाठी, बदलण्यासाठी नव्हे. खरे आहे. दोन्ही एकच आहे असे मीही म्हणत नाही. पण ‘देवाने दिले त्याला हात लावू नये’ असा सरसकट नियम आपल्याकडे नाही, हे तरी कबूल करावे लागते.

उलट नाकाला हात लावणारी विद्या आपलीच. सुश्रुतसंहितेत तिचा विधी आहे. झाडाचे पान नाकाच्या मापाचे कापून घ्यायचे, त्या मापाने गालाची त्वचा एका बाजूने जोडलेली ठेवून सोडवायची, नाकावर बसवायची, श्वासासाठी दोन नळ्या घालायच्या, वर कापूस ठेवून तिळाच्या तेलाचे सिंचन करायचे. आणि पुढे सुश्रुत सांगतो, जखम भरल्यावर नाक कमी पडले तर वाढवावे, मांस जास्त झाले तर समान करावे. म्हणजे नाक नुसते असून भागत नाही, ते नीट दिसावे, ही काळजी त्या ऋषीलाही होती.

दुसरी हकिकत महाराष्ट्रातली आहे. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडले. वर्षभराहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाचा केला, तो कपाळावर पसरून रेघ ओढली, कपाळाची त्वचा सोडवली. दोन भुवयांमध्ये एक पट्टी मात्र जोडलेली ठेवली, कारण रक्त तिच्यातूनच यायचे. मग ती त्वचा पिळा देऊन खाली आणून बसवली. वर कात भिजवून लावलेल्या कापडाच्या घड्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड. पाच-सहा दिवस रोग्याने उताणे निजायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापायची. मुंबईचे दोन इंग्रज डॉक्टर हे पाहत होते. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये ही हकिकत चित्रासह छापून आली आणि १८१४ मध्ये कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने तिच्या आधारे लंडनमध्ये तसेच नाक करून दाखवले. आज जगभर नाकाची जी शस्त्रक्रिया होते, तिच्या वंशावळीत आपला तो वीट थापणारा माणूस आहे. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. (पांडुरंगाच्या पायाखालची वीटही कोणी भाजली, ते आपण कुठे विचारतो?)

माझे मन अडकले ते दुसऱ्याच ठिकाणी. कावसजीला हातही नव्हता. हात गेला तर पोट जाते, नाक गेले तर काय जाते? बैल हाकायला नाक लागत नाही. तरी तो कपाळ सोलून घेऊन नाकासाठी उताणा पडून राहिला. कारण चारचौघांत उभे राहायचे होते. नाक कापणे ही शिक्षाच मुळी बघणाऱ्यांच्या डोळ्यांतून द्यायची शिक्षा. मग ज्या मुलीचे नाक सुरीने नाही, मंडपाच्या हशाने रोज थोडे थोडे कापले, तिला आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे की तुझे नाक शाबूत आहे, तुला काय कमी आहे?

देहाभिमान म्हणाल, तर कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी मी आरशासमोर फेटा दोनदा सोडून तीनदा बांधत असे. तेव्हा तो मुद्दा मी सोडून देतो.

मग अष्टावक्र आठवला. आठ ठिकाणी वाकडा मुलगा जनकाच्या सभेत येतो, पंडित हसतात, आणि तो म्हणतो, इथे सगळे कातड्याची पारख करणारेच बसलेत वाटते. ही कथा आम्ही रंगवून सांगतो आणि तिथेच टाळ्या घेऊन थांबतो. देह वाकडा असला तरी आत्मा वाकडा नाही, संपले. पण महाभारताच्या वनपर्वात गोष्ट पुढे जाते. अष्टावक्र वाकडा झाला तो बापाच्या शापाने. गर्भात असताना त्याने कहोडाच्या पठणातली चूक काढली म्हणून. मोठा झाल्यावर त्याने बंदी या पंडिताला वादात हरवले, पाण्यात बुडवलेल्या बापाला परत आणले. त्यानंतर त्याच बापाने त्याला सांगितले, या समंगा नदीत उतर. तो उतरला आणि अंगे सरळ झाली.

व्यासांनी हा शेवट का ठेवला असेल? आत्मज्ञान्याला सरळ अंगाची गरज काय, असे त्यांनी म्हटले नाही. पण क्रमही उलटा केला नाही. सभा जिंकली ती वाकड्या अंगाने. पाण्यात तो नंतर उतरला. आणि ज्या तोंडातून शाप निघाला, त्याच तोंडाने उतर म्हणायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी ती आली. मी आधी तिची क्षमा मागितली. ती संकोचली, रडली, मग म्हणाली, “बाबा, राहू द्या.” मी तिला म्हणालो, पाप नाही. पण एक विचारतो. आपल्या बाजारात ट्रॉली ओतली की व्यापारी कांद्याची पत्ती बघतो, रंग बघतो, गोल्टी बाजूला काढतो. कांदेपोह्याच्या कार्यक्रमात तुझीही तशीच प्रतवारी होते म्हणून तू हे करतेस का? तसे असेल तर थांब. त्या बाजारात उद्या रंग काढतील, परवा उंची. ती म्हणाली, “लग्नासाठी नाही. आरशात बघितलं की मला ते हसणं ऐकू येतं, त्यासाठी.” माणसाची इच्छा कधी संपूर्ण आपली असते का, मला शंका आहे, आरशातही आपण दुसऱ्यांच्याच डोळ्यांनी बघतो. पण तिचे उत्तर खरे होते. आणि नाक बदलल्यावर ते हसणे ऐकू यायचे थांबेलच, असे मी सांगू शकत नाही, हेही मी तिला सांगितले.

तिच्या डॉक्टरांनीही हाच प्रश्न विचारला होता म्हणे, हे कुणाच्या सांगण्यावरून? शिवाय फोटो काढले, कानाची कूर्चा काढून नाकाच्या दांड्याला आधार देऊ म्हणाले, घरात तंबाखू-विडीचा धूर नको, रक्त पातळ करणारी औषधे आणि न सांगता घेतलेले काढे बंद. आदल्या रात्रीपासून निरंकार. एकादशीची सवय असलेल्याला त्याचे काही नाही. अडचण माळेची आली. शस्त्रक्रियेच्या खोलीत अंगावर काही चालत नाही, आणि माळ काढायची नाही हा आपला नेम. मी सांगितले, माळ आईच्या हातात दे. दोन-अडीच तास आई दाराबाहेर तीच माळ घेऊन बसली होती. जी आई पाप म्हणत होती, ती.

पहिला आठवडा नाकावर पट्टी, उशाला दोन उशा, डोळ्यांखाली काळेनिळे. नाक शिंकरायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडून, वाकायचे नाही, जड उचलायचे नाही. पट्टी निघाली आणि दुसऱ्या दिवशी तिने निरोप पाठवून मला बोलावले. नाक सुजून केवढे तरी झालेले. म्हणाली, “बाबा, पहिलंच बरं होतं. ही मी नाहीच.” खरे रूप दिसायला वर्ष लागते, सूज हळूहळू उतरते, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, पण सांगितलेले आणि सोसलेले वेगळे. मी काही निरूपण केले नाही. तासभर बसलो. तिची आई चहा करून गेली, परत येऊन बसली, तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी जायची तिची चाल. गर्दीत नाकावर कुणाचे कोपर बसले तर सगळे वाया, म्हणून यंदा जाऊ नको म्हटले. गोपीचंदनाचा टिळाही नाकावर ओढायचा नाही, कपाळापुरताच. त्या संध्याकाळी तिच्याच घरी आम्ही चौघांनी हरिपाठ म्हटला. तिचे नाक अजून आतून भरलेले. ‘राम’ म्हणायला जाई आणि ‘राब’ बाहेर पडे. ‘नाम’चे तर काय होई ते लिहिता येत नाही. वडिलांनी हसू दाबले. मी मान खाली घालून टाळ वाजवत राहिलो, काही झाले तरी हसायचे नाही म्हणून. तिसऱ्या अभंगाला तीच थांबली आणि तोंडावर हात धरून खो खो हसत सुटली. हसले की दुखते म्हणून एका हाताने नाक सांभाळत म्हणाली, “बाबा, आता तुब्ही हसा.”