शेजाऱ्याचे कुत्रे आणि पहिले शील



गेल्या पौर्णिमेला वंदना आटोपल्यावर आमच्या विहारात चर्चा झाली ती एका कुत्र्याची. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या एका गृहस्थाचे ते कुत्रे दिवसभर मोकळे असते. चार दिवसांपूर्वी ते पाचवीतल्या एका मुलीच्या पोटरीला चावले होते. तरुण मंडळी संतापलेली. एक जण म्हणाला, "भाकरीत औषध घालून टाकू, गुरुजी. कटकट मिटेल." थोड्याच वेळापूर्वी मीच सर्वांकडून पंचशील म्हणवून घेतले होते. तरी खरे सांगतो, क्षणभर मलाही ते पटले.

मग मला कुक्कुर जातक आठवले. राजाच्या रथाचे चामडे कुत्र्यांनी खाल्ले, म्हणून राजाने नगरातली सारी कुत्री मारण्याचा हुकूम दिला. राजवाड्यातली तेवढी वगळली. स्मशानात राहणाऱ्या एका कुत्र्याने, म्हणजे बोधिसत्त्वाने, दरबारात जाऊन विचारले, की हा कसला न्याय? त्याने वाड्यातल्या कुत्र्यांना ताकातून दर्भ पाजायला लावला आणि त्यांच्या पोटातून चामडे बाहेर पडले. दोष कोणाचा आणि मार कोणाला, हा प्रश्न आपल्या लोकांना नवा नाही.

आमच्या गल्लीतल्या कुत्र्याला ना कोणी शिस्त लावली, ना बांधले. येताजाता आपलीच पोरे त्याला दगड मारतात, हेही मी त्या रात्री बोललो. काहींना ते आवडले नाही.

पण अहिंसा म्हणजे मुकाट्याने चावून घेणे नव्हे. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. अंगावर आलेल्या कुत्र्याला काठीने हटवावेच लागते. रात्री विष पेरणे ही मात्र सूडाची इच्छा झाली. शिवाय चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते. ते पिसाळलेले होते की नाही, हे त्यावरून कळते. मारून टाकल्यावर काय कळणार? अर्थात लस त्यासाठी थांबवायची नाही.

त्या मुलीच्या आजीने जखमेत हळद-चुना भरला होता आणि त्या उतारा टाकायला निघाल्या होत्या. मी आजींना दोष देत नाही. त्यांच्या काळी दवाखान्याच्या पायरीवर आपल्याला कोण उभे करीत होते? पण आता ऐका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. तिच्यात काहीही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि लसीचे सारे डोस पुरे करा. रोगाची लक्षणे एकदा दिसली, की माणूस जवळजवळ वाचतच नाही. मग उतारा आणि गंडा काय करणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जण त्या गृहस्थांकडे गेलो, मुलीची आईही होती. ते म्हणाले, "कुत्रं माझं, अंगण माझं. तुम्ही कोण सांगणार?"

मी म्हटले, "काका, अंगण तुमचंच. पण रस्ता सगळ्यांचा आहे. लेकरू शाळेत जात होतं."

आवाज चढवायचा नाही, असे आम्ही आधीच ठरवले होते. मुलीच्या आईने पोरीच्या पायाला झालेली जखम कशी होती तेवढे सांगितले. मग मी कायदाही सांगितला. आपल्या जनावरापासून दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून जो काळजी घेत नाही, त्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आमच्या तरुणांना मात्र मी परतताना कलम 325 सांगितले. जनावराला विष घालणाऱ्याला पाच वर्षांपर्यंतची कैद आहे.

मुलीचे डोस चालू आहेत. काकांनी साखळी आणली. शाळेच्या वेळी कुत्रे बांधलेले असते, रात्री अजून सुटते. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या दोघांनी तक्रार केली आहे. येत्या रविवारी आम्ही पुन्हा त्यांच्या दारी जाणार आहोत. या वेळी अर्ज लिहून बरोबर नेऊ.