गृहस्थाने विश्वास कोणावर ठेवावा?

गृहस्थाश्रमास शास्त्रकारांनी इतर तिन्ही आश्रमांचा आधार मानले आहे. ब्रह्मचारी, वानप्रस्थ आणि संन्यासी यांनी अन्नासाठी ज्याच्या दारी यावे, तो गृहस्थ. अर्थात अपरिचित मनुष्य दारात येऊन उभा राहणार, ही गोष्ट धर्माने अपवाद म्हणून नव्हे, तर नित्याची म्हणून गृहीत धरली होती. वसतीस आलेल्या कोणासही परत लावू नये आणि त्याकरिताच अन्न पुष्कळ मिळवावे, अशा आशयाचे व्रत तैत्तिरीय उपनिषदात सांगितले आहे. आजचा गृहस्थ हे वाचतो आणि मनात खिन्न होतो. त्याच्या दाराला आतून साखळी आहे, बाहेरचे पाहण्यासाठी दारात भिंग बसविलेले आहे, जिन्यावर कॅमेरा आहे. आणि इतके असूनही दारावरची घंटा वाजली की घरातल्या मनुष्याच्या मनात प्रथम उठते ती शंका.

त्याला दोष देणे सोपे आहे, परंतु न्याय्य नाही. चोरीच्या आणि फसवणुकीच्या ज्या वार्ता तो वाचतो, त्या खोट्या नसतात. घरी वृद्ध माता असते, लहान मुले असतात. त्यांचे रक्षण करणे हाही त्याचा धर्मच होय. म्हणून ‘सर्वांवर विश्वास ठेवा’ हा उपदेश त्याच्या कामाचा नाही, आणि ‘कोणावरही विश्वास ठेवू नका’ हा तर उपदेशच नव्हे. कोणत्या गोष्टीत विश्वास ठेवावा आणि कोणत्या गोष्टीत हिशेब मागावा, हा खरा प्रश्न आहे. निव्वळ तर्काने तो सुटत नाही. ज्यांनी तो आचरणात सोडविला त्यांच्याकडे पाहावे लागते.

असे एक उत्तर तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु या गावी उभे आहे. तंजावराहून दक्षिणेस पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या वाटेवर हे गाव लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी तंजावरचे राजे दुसरे सरफोजी भोसले यांनी येथे मुक्तांबा छत्र बांधले. रामेश्वराच्या यात्रेस पायी जाणाऱ्यांसाठी भोसले राजांनी त्या मुलखात अशी अनेक छत्रे घातली होती आणि त्यांतील बहुतेकांना राजकुटुंबातील स्त्रियांची नावे होती: यमुनांबा, द्रौपदांबा, सुलक्षणांबा. महिनोन्‌महिने चालून आलेल्या महाराष्ट्रीय यात्रेकरूला तमिळ देशात ही मायमराठी नावे ऐकून काय वाटत असेल, याची कल्पनाच करावी.

छत्र बांधणाऱ्या या राजाचे बाळपण ध्यानात घेतल्यावाचून त्याच्या कार्याचे मोल कळत नाही. तुळजाजीराजांनी 1787 मध्ये मृत्युशय्येवर असता सरफोजीस दत्तक घेतले आणि मुलाचे पालन आपला भाऊ अमरसिंह याच्या हाती सोपविले. रक्ताचे नाते, मरणाऱ्या भावाचा शब्द, अनाथ मूल. विश्वासास याहून बळकट कारण ते कोणते असणार? परंतु राज्य हाती येताच अमरसिंहाने तो विश्वास मोडला. मुलास जवळजवळ कोंडून ठेवण्यात आले, त्याच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष झाले. त्याच्यासाठी खटपट केली ती श्वार्ट्झ नावाच्या एका जर्मन पाद्र्याने. ज्याच्याशी ना रक्ताचा संबंध, ना धर्माचा, ना भाषेचा, अशा मनुष्याने मरणोन्मुख राजास दिलेला शब्द पाळला. मुलगा पुढे मद्रासेस नेला गेला, शिकला, आणि 1798 मध्ये गादीवर बसला. त्याच वर्षी श्वार्ट्झचे देहावसान झाले. सरफोजीने इंग्लंडातील विख्यात शिल्पकार फ्लॅक्समन याच्याकडून या गुरूचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे. स्वतः तो मात्र अखेरपर्यंत आपल्या कुळाचा धर्म आचरत राहिला आणि 1820 ते 1822 या काळात त्याने काशीयात्राही केली. कृतज्ञता आणि स्वधर्म यांचा विरोध असतोच असे नाही.

आपल्याच घरात ज्याचा विश्वासघात झाला, तो मनुष्य पुढे दोन प्रकारांनी वागू शकतो. एक तर जगालाच तो संशयाने पाहू लागतो. आणि हा मार्ग स्वाभाविक आहे, त्याला नावे ठेवू नयेत. किंवा, ज्याला कोणी नाही त्याला जगात आधार असावा, अशी तजवीज तो करतो. सरफोजीच्या मनात बाळपणीचे दुःख होते म्हणूनच त्याने छत्रे सांभाळली, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. मनाचे असे सरळ गणित मांडणे धाडसाचे ठरेल. पण घटना काय सांगतात ते पाहावे. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला. राजाच्या हाती तंजावरचा किल्ला, उत्पन्नाचा पाचवा हिस्सा आणि ठरावीक नेमणूक एवढेच राहिले. अशा वेळी, 1801 मध्ये, त्याने रेसिडेंट टोरिन यास पत्र लिहून आपल्या छत्रांची हकीकत कळविली आणि त्यांचा कारभार आपल्याकडे राहावा अशी इच्छा प्रकट केली. राज्य गमावलेल्या राजाने मागावे काय, तर अन्न वाढण्याचा अधिकार!

त्या पत्रातील वर्णन प्रत्येक गृहस्थाने मनन करावे असे आहे. ब्राह्मणापासून परैयरापर्यंत आणि जोगी, जंगम, अतीत, बैरागी असा जो कोणी वाटसरू येईल त्यास शिजविलेला भात मिळे. तो ज्यास चालत नसेल त्यास कोरडा शिधा मिळे. हे वाढणे रात्रीपर्यंत चाले. मग मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करीत, की कोणी उपाशी राहिला असल्यास त्याने येऊन जेवावे. वाटेत आजारी पडलेल्यास बरे वाटेपर्यंत औषध आणि पथ्याचे अन्न देत. तान्ह्या मुलांना दूध मिळे. गर्भवती स्त्री तेथे प्रसूत झाली तर तिचा खर्च छत्राचा, आणि पुढे 3 महिने तिला राहण्याची मुभा असे. एखादा परदेशी यात्रेकरू तेथे मेला तर त्याचे उत्तरकार्य त्याच्या जातीच्या रीतीने होई, आणि मागे राहिलेल्या पोरक्या मुलांना शिक्षकाच्या हवाली करून त्यांचे अन्नवस्त्र, विद्या, इतकेच नव्हे तर लग्नदेखील छत्र पाहत असे.

यात जातिभेदाची चौकट त्या काळाची आहे, आणि राजाचे द्रव्य शेतकऱ्याच्या घामातूनच येत होते, हेही विसरू नये. तरीसुद्धा मध्यरात्रीच्या त्या घंटेपाशी थोडे थांबावेसे वाटते. जेवणाऱ्याने येऊन मागावे, ही झाली सामान्य दातृत्वाची रीत. येथे दाताच उपाशी मनुष्यास शोधीत आहे. भीड धरून, लाजून, किंवा उशिरा पोहोचल्यामुळे जो अंधारात बसून राहिला असेल, त्याच्यासाठी ती घंटा होती.

येथे एक शंका निघते, आणि ती योग्य आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रीभगवंतांनी सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश आणि काल यांबरोबर पात्राचाही विचार सांगितला आहे. मग चौकशी न करता सर्वांस वाढणे हे अपात्री दान नव्हे काय? उत्तर असे, की पात्रता ही देण्याच्या वस्तूवरून ठरते. विद्या देताना शिष्याची पात्रता पाहावी, अधिकार देताना चारित्र्य पाहावे, द्रव्य देताना त्याचा विनियोग पाहावा. पण भुकेल्यास अन्न देताना भूक हीच त्याची पात्रता. चोरालाही भूक खरीच लागते. फार तर एका जेवणापुरती आपली फसवणूक होईल, आणि एवढी फसवणूक सोसण्याची ऐपत बहुतेक घरांत असते.

याचा अर्थ छत्राचा कारभार भोळेपणावर चालत होता असा नव्हे. तंजावरच्या मोडी दप्तरात छत्रांच्या जमाखर्चाचे कागद आहेत. पंक्तीस बसलेल्याची चौकशी नव्हती. कोठीवर बसलेल्याचा हिशेब मात्र होता. धान्य किती आले, किती शिजले, हे लिहावे लागे. ज्याच्या हाती काही नाही त्याच्यावर विश्वास आणि ज्याच्या हाती दुसऱ्याचे धन आहे त्याच्यावर देखरेख, असा हा विवेक होता. कोठीवाल्याने या हिशेबाने अपमान मानण्याचे कारण नव्हते. त्याचा प्रामाणिकपणा सिद्ध होण्याचा तोच मार्ग होता.

आजच्या गृहस्थाचा व्यवहार या विवेकाच्या नेमका उलट झाला आहे, हे दुर्दैव होय. भर उन्हात दारावर पाणी मागणारी स्त्री त्याला संशयास्पद वाटते. आणि दूरध्वनीवरून बोलणारा, ज्याचे तोंडही पाहिलेले नाही असा मनुष्य ‘आम्ही पोलीस आहोत, तुम्हांला डिजिटल अटक केली आहे’ असे म्हणताच हाच गृहस्थ जन्माची पुंजी त्याच्या खात्यात भरून मोकळा होतो. अशी अटक कायद्यात नाहीच. 2024 च्या ऑक्टोबरात खुद्द पंतप्रधानांनी ही गोष्ट जनतेला सांगितली, आणि तक्रारीसाठी 1930 हा क्रमांकही आहे. मग सुशिक्षित माणसे का फसतात? भयामुळे, आणि कित्येकदा लोभामुळे. दैवी संपत्तीची गणना करताना भगवंतांनी अभय हा गुण सर्वांच्या आधी ठेवला, त्याचे मर्म येथे कळते. भ्यालेला मनुष्य विवेकाने विश्वासही ठेवू शकत नाही आणि विवेकाने अविश्वासही दाखवू शकत नाही.

या फसवणुकीतील एक बारकावा कुटुंबाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. ठक प्रथम कोणती अट घालतो? ‘ही गोष्ट घरात कोणास सांगू नका.’ त्याला ठाऊक असते, की निवृत्त वडिलांनी शेजारच्या खोलीतील मुलाला किंवा सुनेला एक हाक मारली तर त्याचा सारा डाव क्षणात उधळेल. आणि कित्येक घरांत ती हाक मारली जात नाही. मुलगा रागावेल, सून हसेल, ‘तुम्हांला काही कळत नाही’ असे कोणी म्हणेल, ही भीती चोराच्या भीतीहून मोठी ठरते. तिजोरीला कुलूप आहे, दाराला साखळी आहे. परंतु घरातल्या घरात चूक बोलून दाखविण्याची सोय नाही. परक्यावर कितपत विश्वास ठेवावा हे ठरविण्याआधी, आपल्या घरातील वृद्धाला आणि लहान मुलाला आपल्याजवळ निर्भयपणे येता येते काय, हे गृहस्थाने पाहावे. पत्नीला न सांगता काढलेले कर्ज, पतीपासून लपविलेले आजारपण, मुलाने दडविलेले गुणपत्रक, या सर्वांचे मूळ एकच.

घरात हा मोकळेपणा उपदेशाने येत नाही. तो बहुधा कामाच्या नसलेल्या गोष्टींतून, म्हणजे छंदांतून येतो. छंद म्हणजे वेळेचा अपव्यय, असे मानणारे गृहस्थ धर्मशील वर्गात पुष्कळ आहेत. त्यांचे मत सर्वस्वी ग्राह्य नाही. सरफोजीचे उदाहरण पुन्हा घ्यावे. राज्य गेलेल्या संस्थानिकांचे छंद बहुधा कोणत्या वळणाने गेले, हे इतिहासात सर्वांना ठाऊक आहे. या राजाला ग्रंथांचा छंद होता; सरस्वती महालात त्याने देशोदेशींचे ग्रंथ जमविले आणि आपल्या पुस्तकांवर तो स्वहस्ते सही करी. त्याला वैद्यकाची आवड होती. नेत्ररोग्यांवर केलेल्या उपचारांच्या सचित्र नोंदी त्याच्या संग्रहात आहेत. त्याने देवनागरी छापखाना घातला आणि इसापाच्या कथा मराठीत आणवून छापविल्या. आवड स्वतःची, पण फळ दुसऱ्याच्या ताटात! एकट्याच्या कपाटात राहणारा छंद आणि चार माणसांना जवळ आणणारा छंद, यांत हाच भेद आहे. आज एकाच दिवाणखान्यात चौघे चार पडद्यांकडे पाहत बसतात, तेव्हा चौघांनाही आवड आहे, परंतु घराला छंद नाही. आजोबांनी नातवाला जुनी नाणी दाखवावी, आईने मुलीबरोबर पेटी वाजवावी, अशा निरुद्देश घटकांतच माणसे एकमेकांचे स्वभाव ओळखतात. मग अडचणीच्या वेळी हाक मारताना शब्द शोधावे लागत नाहीत.

आता जिच्या नावाने ओरत्तनाडुचे छत्र उभे राहिले, त्या मुक्तांबेविषयी. ती सरफोजीची विवाहित राणी नव्हती. ती त्याची प्रिया होती आणि अकाली वारली. आपल्या नावाने एक छत्र असावे, अशी इच्छा तिने अंतकाळी व्यक्त केली, अशी कथा सांगतात. कथेचा तपशील काहीही असो, राजाने दुःखाचे रूपांतर ज्यात केले ते स्वयंपाकघर होते, ही गोष्ट खरी. कुटुंबाच्या व्यवस्थेत जिला पूर्ण स्थान नव्हते तिच्या नावाने, ज्यांना कुटुंब नव्हते अशा वाटसरूंना जेवण मिळू लागले. ज्यांनी तेथे पोटभर भात खाल्ला त्यांतील बहुतेकांना ती कोण, हे ठाऊक नसावे. आणि ते विचारण्याची त्यांच्यावर सक्तीही नव्हती. आपल्या गेलेल्या माणसाच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी कोणास जेवू घालावे, या प्रश्नावर आजही घराघरांत चर्चा होते. नातेवाईक येतातच, आणि त्यांनी यावेही. परंतु ज्याला मृताचे नाव ठाऊक नाही असा एक तरी मनुष्य त्या पंक्तीस असावा, असे या छत्राकडे पाहून वाटते.

1855 मध्ये तंजावरचे राज्य वारसाअभावी खालसा झाले आणि छत्रांचा कारभार सरकारी व्यवस्थेखाली गेला. पुढे आगगाडी आली. 1914 मध्ये पांबनचा पूल झाल्यावर तर ती समुद्र ओलांडून थेट रामेश्वराच्या बेटावर जाऊ लागली, आणि पायी यात्रेकरूंची वाट ओस पडली. ओरत्तनाडुच्या छत्राच्या दर्शनी भागास रथाचे रूप दिलेले आहे. ती वास्तू आता जुनी झाली आहे. यात्रेकरू येईनासे झाल्यावर त्या जागेत बाहेरगावाहून शिकावयास आलेली मुले राहू लागली.